साखर धरली तर

दिवसभर मी लोकांच्या रक्तातली साखर मोजते आणि दर माघात रजा टाकून माहेरी साखर करायला जाते. धुळ्यात ज्या लॅबमध्ये मी कामाला आहे तिथल्या डॉक्टरांना याची मोठी गंमत वाटते, पण रजा ते मोजून तीनच दिवसांची देतात. तीन दिवसांत रस निघतो, तो आटून त्याची राब उतरते, आणि बोटांना लागलेला उसाचा वास तसाच घेऊन मी परत लोकांच्या दंडाला पट्टी बांधायला लागते. "ताई, तुमच्या हाताला कसला गोड वास येतोय?" असं एका आजोबांनी मागे विचारलं होतं. त्यांची साखर तीनशेच्या वर होती. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका."

माघातली साक्रीकडे जाणारी एसटी म्हणजे आधी नुसता धुरळा. कापूस वेचून झालेल्या शेतांत वाळक्या पऱ्हाट्या उभ्या असतात, कुठे कोणी त्या उपटून बांधाला रचत असतं. मग पांझरा जवळ येते आणि खिडकीतून येणारी हवा एकदम ओली होते. आमचं गाव तिच्या काठाला. नदीवरच्या जुन्या बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं आणि त्या पाण्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले आहेत. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ही तिथली जुनी रीत. उसाच्या फडात आमचा एक चिंचोळा पट्टा आहे. लहानपणी त्यात शिरलं की पातीने गाल कापला जायचा आणि घामाने तो चरचरायचा. तरी आम्ही शिरायचो, कारण आत गेल्यावर बाहेरून कोणी हाक मारली तरी कोणत्या सरीतून ओ द्यायची ते आपल्या हातात असायचं.

परवा धुळ्यातल्या एका चकचकीत दुकानात मी कपड्याचा साबण घ्यायला गेले तर समोर फळीवर खांड, आमच्याकडे होते तसली गावठी साखर. देशी खांड, आजीच्या हातची, असं पुड्यावर छापलेलं. शेजारच्या बाई मला समजावून सांगायला लागल्या की पांढरी साखर म्हणजे विष आणि ही म्हणजे अमृत. मी त्यांना सांगू शकले असते की आमच्या मशिनला दोन्ही सारख्याच दिसतात. पण माझं लक्ष हातातल्या पुड्यावरच्या चित्राकडे होतं. चित्रातल्या आजीच्या नाकात नथ होती, हातभर बांगड्या होत्या आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. माझ्या मायच्या कपाळावर कुंकू नाही, आणि ते नाही म्हणूनच आमच्या घरात साखर झाली. मी पुडा होता तिथे ठेवला आणि साबण न घेताच बाहेर पडले.

माझा साखरपुडा ठरला त्या वर्षीचा तो माघ. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा बोदवडकडचा, नोकरीला धुळ्यात. दोन्हीकडून होकार झाला, तारीख निघाली, हातात बावीस दिवस होते. कार्य आमच्याच अंगणात करायचं ठरलं. त्या संध्याकाळी बाबांचे मोठे भाऊ, आमचे नाना, आणि त्यांची बायको, जिला मी मोठमाय म्हणते, असे दोघे घरी आले. माय भाकरी थापत होती. नाना खाटेवर बसले आणि कोणी काय करायचं ते सांगायला लागले. मांडव कोण घालेल, पाहुण्यांना आणायला कोण जाईल, मुलीची ओटी कोण भरेल. शेवटी मायकडे न बघता म्हणाले, "साखर तुन्ही जेठानी वाटई. तू मांगली खोलीमा ऱ्हाय. पाहुणा नवा शेतस, त्यास्ना समोर नको."

मोठमाय लगेच म्हणाली, "मी काय माले जोयजे म्हनीसन नही करी ऱ्हायनू वं. रीत शे. पोरना तोंडमा पहिली चिमूट सवाष्णना हातनी पडाले जोयजे."

चार वर्षं याच मायने कापूस विकला होता, पाटाच्या पाण्यासाठी पाळीवर भांडली होती, बँकेत अंगठा न लावता सही केली होती. त्या कुठल्याच दिवशी तिला कोणी मागच्या खोलीत बस म्हटलं नव्हतं. कामाला ती पुढे चालत होती. गोडाला तेवढी चालत नव्हती. मला राग आला होता आणि मी गप्प बसले, हे दोन्ही खरं आहे. आता काही बोलले तर बोदवडला चुकीची बातमी जाईल, ठरलेलं मोडेल, अशी मला भीती होती. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते आणि वाटावीच.

माय मात्र गप्प बसली नाही. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "साखर मी करसू."

"म्हंजे?" नाना म्हणाले.

"म्हंजे करसू. घरमा. आपला उसनी."

नानांना हसू आलं. "दुकानमा साखर काय सरी गई का?"

"दुकाननी कोन्हीबी आनई, भाऊ. मन्ही पोरना साखरपुडा शे, मन्हा हातनी साखर व्हई."

आमचं गाव गूळ करणाऱ्यांचं. काही वर्षांपूर्वीपर्यंत नदीकाठी गुऱ्हाळं चालायची, ढेपा बांधायच्या, काकवी घागरी भरून घरोघर जायची. साखर मात्र कोणी केली नव्हती. साखर म्हणजे कारखान्याची, गोणीतली. नाना हे जाणून होते. भांडण वाढवण्यापेक्षा त्यांनी सोपी वाट काढली. मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरं. साखर धरनी तर तू वाट. मांडवमा उभी ऱ्हाईसन, बठ्ठास्ना समोर वाट, मी बोलाव नही. नही धरनी तर मांगली खोली."

"चालई," माय म्हणाली. एवढंच बोलून तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

तिच्या डोक्यात हे आलं कुठून, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. फळीवर काकवीची जुनी बरणी होती. सरत आलेली काकवी चमच्याने काढताना तळाशी खरखर लागायची, आणि आम्ही पोरं कुरकुर करायचो की काकवीत वाळू आहे. ती वाळू नव्हती. काकवी बरेच दिवस हलवली नाही की तळाला आपोआप साखर धरते. मायने बरणी उपडी केली आणि तळाचे खडे नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवले. मुगाच्या डाळीएवढे, पिवळसर, कडक. "दख," ती म्हणाली. "हाई आपोआप व्हस. मंग मुद्दाम करं तं काब्र नही व्हई?"

धुडकू आबा म्हणजे गावातले शेवटचे गुळवे. त्यांचं गुऱ्हाळ बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण कढई त्यांनी विकली नव्हती, अंगणात उपडी घालून तिच्यावर गोवऱ्या वाळवत होते. माय त्यांच्याकडे गेली. आबांनी सांगितलं ते असं. गूळ करताना रस घट्ट होत होत थेट गोळीवर जातो, म्हणजे थेंब पाण्यात टाकला तर त्याची गोळी वळते. साखर हवी असेल तर त्याच्या बरंच आधी थांबायचं. काकवीहून घट्ट, गुळाहून पातळ, त्याला राब म्हणतात. ती राब मडक्यात सावकाश गार होऊ द्यायची, दिवसच्या दिवस हलवायची नाही. मग आत दाणा धरतो. दाण्याभोवतीचा चिकट रस गाळून काढला की उरते ती खांड. आबांनी हे त्यांच्या आजाकडून ऐकलं होतं, केलं कधीच नव्हतं. तरी ते यायला तयार झाले. कढईवरच्या गोवऱ्या त्यांनी त्याच दिवशी काढल्या.

रस काढायला चरक कुठून आणायचा? फाट्यावर सुकलालभाऊंची रसवंती होती. मायने त्यांना सांगितलं, पोरीच्या साखरपुड्यासाठी भरपूर रस लागणार आहे, मशिन घेऊन अंगणात या. ते हातगाडीसकट आले, घुंगरांसकट आले. आम्ही सगळ्या बायका कढई घासण्यात आणि चूल खणण्यात गुंतलेलो. आबा चुलीत पऱ्हाट्या रचत होते. तिकडे छुनछुन आवाज करत रस पडत होता, फेसाळ, पोपटी, वरून काळी माशी घोंघावणारा. सगळं गोड वासाने भरून गेलं होतं. रस उकळायला लागला तशी गल्लीतली माणसं जमली. मळी वर यायची, आबा झाऱ्याने काढायचे. संध्याकाळी राब मडक्यात गेली. नाना फाटकापाशी उभे राहून बघून गेले.

आणि साखर धरली नाही. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. मी नोकरीवर धुळ्यात, रोज फोन करायची. "धरनी का?" "नही अजून." मोठमाय रोज सकाळी यायची, मडक्यावरचं फडकं बाजूला करायची आणि "धरनी का वं?" विचारून जायची. तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हेच मला जास्त लागायचं. रविवारी मी गेले. मडक्यात लाल, चकचकीत, घट्ट काकवी. चमचा घातला तर तळापर्यंत मऊसूत. मी चमचा चाटला आणि थांबले. परत चाटला.

"माय," मी म्हटलं, "याच्यात आलं लागतंय."

मायने चाटून बघितलं. तिचा चेहरा बदलला. ती तशीच चपला न घालता फाट्यावर निघाली, मी मागे. सुकलालभाऊ गिऱ्हाइकाला ग्लास देत होते. मायने विचारलं, रसात काय काय घातलं होतं? भाऊंची छाती फुगली. "पोरना साखरपुडाना रस शे म्हनं ना तुम्ही. मंग फिक्का कसा दिसू? लिंबू टाकं, आलं टाकं. नेहमीपेक्षा डबल!" दर चार कांड्यांमागे त्यांनी अर्धं लिंबू उसात दुमडून घातलं होतं. त्यांना वाटलं पाहुण्यांना प्यायला आहे. चूक आमचीच, सांगितलं होतं तसंच त्यांनी ऐकलं होतं.

माय रसवंतीच्या बाकड्यावर मटकन बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. "गुलाबजामना पाकमा आपन लिंबू कसाले पिळतस? साखर धराले नको म्हनीसन! अन हाऊ भाऊ मन्ही राबमा डबल लिंबू पिळी ऱ्हायना!" क्षणभर मला वाटलं ती रडणार. ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सुकलालभाऊंना काहीच कळेना, त्यांनी घाबरून आम्हा दोघींना एकेक ग्लास रस दिला. लिंबू घालूनच.

बारा दिवस राहिले होते आणि तोडता येण्याजोगा ऊस संपला होता. जो उभा होता तो बेण्याचा, पुढच्या लागवडीसाठी राखलेला. त्याला हात लावायचा नसतो. नाना मुद्दाम सांगायला आले, "आते पुरं कर. हट्टमा बेणं घालवशी." मायने त्यांच्यादेखत कोयता उचलला आणि फडात गेली. मी तिच्या मागे गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मला नुसता राग आला नाही, जोर आला. पातीने माझा गाल कापला आणि मी तो पुसलाही नाही. बेणं दुसऱ्याच्या फडातून मागून आणता येतं. मायचा दिवस कोणाकडून मागून आणणार होतो?

या वेळी मशिन आम्ही गरम पाण्याने धुतलं. सुकलालभाऊंच्या गाडीवरची लिंबाची टोपली मी उचलून शेजारच्या घरात ठेवून आले. रसात चुन्याची निवळी घातली, परसातल्या जून भेंडीची झाडं ठेचून त्यांचं बुळबुळीत पाणी घातलं. त्याबरोबर काळीहिरवी मळी सगळी वर आली, आबा ती काढून टाकत गेले आणि खालून रस असा नितळ निघाला की कढईचा तळ दिसावा. मग उकळी. आधी पांढरे, घाईचे बुडबुडे. मग पिवळे. मग ते मोठे आणि आळशी व्हायला लागले, फुटताना फद्फद् आवाज यायला लागला. वास बदलला. कच्च्या गवतासारखा वास जाऊन भाजल्यासारखा यायला लागला. माय कढईवर वाकून उभी होती. तिने पळीवरून थेंब घेतला, बोटांत ताणला, तार आली.

"उतारा, आबा," ती म्हणाली.

आबांनी मान हलवली. "आखो जरासं व्हऊ दे."

"नही. आते."

"बाई, मी चाळीस वरीस कढईवर काढात. मन्हा हातले कळस."

"तुमना हातले गूळ कळस, आबा. माले साखर जोयजे. उतारा."

आबांचा हात झाऱ्यावर तसाच. ते हलेनात. चाळीस वर्षं जो हात गोळीपर्यंत थांबत आला तो आधी थांबायला तयारच होईना. मायने ओल्या गोणपाटाचे दोन तुकडे घेतले, एक माझ्याकडे फेकला आणि कढईच्या कडीला हात घातला. दुसरी कडी मी धरली. वाफेने माझे डोळे मिटले, मनगटावर थेंब उडाला, त्याचा डाग अजून आहे. आम्ही दोघींनी ती कढई चुलीवरून खाली ओढली. आबा रागाने बाजूला जाऊन बसले आणि त्यांनी विडी पेटवली. पण उठून घरी मात्र गेले नाहीत.

बरणीच्या तळाचे खडे मायने खलबत्त्यात कुटून ठेवले होते. राब कोमट झाल्यावर ती पूड तिने त्यात टाकली, दुधाला विरजण लावतात तशी, आणि पळीने हळूहळू फिरवली. मग मडकं भरलं. ते गार व्हायला हवं पण झटकन गार व्हायला नको, असं आबा लांबूनच म्हणाले. माघातली थंडी होती. मायने इकडेतिकडे बघितलं. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, भाव येईल म्हणून ठेवलेला. तिने कापसात खड्डा केला, मडकं आत बसवलं आणि वरून कापूस ओढून घेतला. खोलीत नुसता पांढरा ढीग दिसत होता, आत आमची साखर.

सातव्या दिवशी मी लॅबमध्ये होते. एका हातात रक्ताची नळी, तेवढ्यात मायचा फोन. तिच्याकडे साधा फोन, फोटो पाठवता यायचा नाही. म्हणाली, "ऐक." आणि काही बोललीच नाही. मला करकर असा आवाज आला. परत करकर. तिने फोन मडक्याशी धरला होता आणि आत चमचा फिरवत होती. मी तिथेच खुर्चीत बसले. समोरच्या पेशंटला वाटलं मला चक्कर आली, त्याने मलाच पाणी दिलं.

गाळायला मऊ सुती कापड हवं होतं. मायने पेटीतून तिचं हिरवं लुगडं काढलं. बाबा गेल्यापासून ते तिने नेसलं नव्हतं, म्हणजे तिला नेसू दिलं नव्हतं. कात्रीने तिने ते मधोमध फाडलं. मोठमाय समोर होती, तिचा हात तोंडावर गेला. माय म्हणाली, "नेसाले चालत नही ना? मंग गाळाले चालई." त्या लुगड्याची झोळी खुंटीला टांगली आणि दोन दिवस तिच्यातून थेंब थेंब काळसर रस खालच्या पातेल्यात पडत राहिला. मग जे आत उरलं ते अंगणात खाटेवर उन्हात पसरलं. आम्ही मायलेकी खाटेच्या दोन बाजूंना बसून तळहाताने ते चोळत होतो, ढेकळं मोडत होतो. वाळत गेलं तसं ते मोकळं झालं, गव्हाळ रंगाचं, हाताला खरखरीत, जिभेवर ठेवलं की आधी गोड आणि मग मागून उसाच्या पाल्याची किंचित चव. दुकानातल्या साखरेला चव नसते, फक्त गोडी असते, हे मला त्या खाटेपाशी कळलं.

नाना आले, त्यांनी चिमूट घेतली, बोटांत चोळली, वास घेतला. "धरनी," एवढंच म्हणाले आणि गेले.

साखरपुड्याच्या दिवशी मात्र मी पाटावर बसले, ओटी भरून झाली, आणि मोठमाय पांढऱ्याशुभ्र साखरेची परात घेऊन पुढे आली. दुकानची साखर. नाना मांडवाच्या खांबाला टेकून दुसरीकडे बघत होते. शब्द दिला तेव्हा साखर धरणार नाही याची त्यांना खात्री होती. धरली, तेव्हा त्यांनी शब्दच विसरायचं ठरवलं. मोठमायने चिमूट माझ्या तोंडाशी आणली.

मी तोंड उघडलं नाही.

"आ कर वं," ती हळूच म्हणाली. मी ओठ घट्ट मिटून तिच्याकडे बघत राहिले. वाजवणारे थांबले. बोदवडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. बावीस दिवसांपूर्वीची ती भीती तशीच होती. पण आता ती एकटी नव्हती, फडातला तो जोरही होता. मी मोठ्याने म्हटलं, "मन्ही माय कोठे शे? साखर तिनी करेल शे. ती उनी म्हंजे मी तोंड उघाडसू."

माझी होणारी सासू उठली. बोदवडकडची बाई, बोलणं आमच्याहून वेगळं, आवाज मोठा. "मंग बोलवा ना त्यायले! आमाले काय अडचन हाये? साखर केली त्या बाईनं अन ती घरात बसली, हे कुठलं?"

माय स्वतःच बाहेर आली. मोतिया रंगाची साडी, हातात घरच्या साखरेची परात. मांडवाच्या मधोमध येऊन उभी राहिली. मला वाटलं ती आधी मला भरवेल. तिने चिमूट उचलली आणि सगळ्यांच्या देखत स्वतःच्या तोंडात टाकली. चार वर्षांत कुठल्या मंगल कार्यात तिच्या तोंडात कोणी साखर घातली नव्हती. ती तिने सावकाश चघळली, गिळली. मग दुसरी चिमूट माझ्या तोंडात घातली आणि मग रांगेने सगळ्यांच्या हातावर. नानांच्या हातावरही. त्यांनी हात पुढे केला, हे मी सांगितलंच पाहिजे.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या लग्नात काही वाईट घडलं नाही, आणि घडलं असतं तरी त्याचा साखरेशी काही संबंध नसता. लोक अजूनही मला विचारतात, "मग तुझं सगळं नीट आहे ना?" जणू मायची चिमूट अजून कुठेतरी तपासायची राहिली आहे. मी सांगते, रिपोर्ट नॉर्मल.

नाना गेल्या वर्षी पावसाळ्यात गेले. अचानक, झोपेतच. आणि यंदाच्या माघात त्यांच्या नातीचा, हर्षूचा, साखरपुडा होता. साखर अर्थातच मायची. मी पाच दिवस रजा मागितली, डॉक्टरांनी कुरकुरत दिली. राब उतरवायची वेळ आता माय एका नजरेत ओळखते. धुडकू आबा आता थकलेत, खुर्चीवर बसून "उतार, उतार," असं तेच आधी ओरडतात. सगळं ठीक झालं, दाणा छान धरला, परात भरली. मांडवात पाहुणे बसले. आणि मोठमाय दिसेना.

ती मागच्या खोलीत होती. तिला कोणी तिकडे बस म्हटलं नव्हतं. आपणहूनच भिंतीला टेकून बसली होती, बांगड्या नसलेले हात मांडीवर. चाळीस वर्षं जी रीत तिने दुसऱ्यांना सांगितली ती आता ती स्वतःला सांगत होती. मी दारातच थांबले. माझ्या मनात एक लहानसा, वाईट आनंद झाला, तो मी लपवत नाही. मायच्या मनात तो नव्हता. ती परात घेऊन आत आली आणि मोठमायपुढे उभी राहिली.

"ऊठ, भाबी. साखर वाट."

"नको वं. मी आते..." मोठमायने पदर पुढे ओढला. "लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे. मन्हा वखतले तूच म्हनेल व्हती."

मोठमाय खाली बघायला लागली. मग म्हणाली, "म्हनेल व्हती." आणि तिचे डोळे भरून आले.

"मी काय एकलीसाठे करेल व्हती का हाई साखर?" मायचा आवाज चढला होता, ती रागावलीच होती, पण कोणावर ते मला सांगता येणार नाही. "हर्षू वाट दखी ऱ्हायनी. ऊठ."

मोठमाय भिंतीला धरून उठली. मायने परात तिच्या हातात दिली. परात काठोकाठ भरलेली होती, मोठमायने एका हाताने पदर धरून ती दुसऱ्या हाताने घेतली आणि थोडी साखर जमिनीवर सांडली.

"लई जड शे वं," ती म्हणाली.

"दोन्ही हात लाव," माय म्हणाली, आणि दाराचा पडदा बाजूला धरून उभी राहिली.